आईच्या खोलीतला अठराचा आकडा : एसी बनवणाऱ्या व विकणाऱ्या कंपन्यांना खुले पत्र

प्रति,
घरगुती वातानुकूलन यंत्रे बनवणाऱ्या आणि मुंबईत विकणाऱ्या सर्व कंपन्यांचे व्यवस्थापन

विषय : ऋतुमानाप्रमाणे एसीचे तापमान कसे ठेवावे, याची माहिती ग्राहकाला मराठीत न मिळण्याबाबत

महोदय / महोदया,

गेल्या जुलैमध्ये चार दिवस पावसाची झड लागली होती, तेव्हा एका सकाळी सहा वाजता लालबागला राहणाऱ्या माझ्या आईच्या शेजारणीचा मला फोन आला. आई ८१ वर्षांची आहे आणि एकटी राहते. मी मुलुंडहून पोहोचले तेव्हा ती दोन गोधड्या पांघरून पलंगावर बसली होती, बोटे गार पडली होती, खोकल्यामुळे तिला धड बोलवत नव्हते आणि डोक्यावरचा एसी अठरावर चालू होता. खिडकीच्या काचेवर बाहेरच्या बाजूने पाण्याचे ओघळ होते. पावसाचेच पाणी असेल असे मला आधी वाटले. पण त्या खिडकीवर रुंद सज्जा आहे आणि तिथे पाऊस कधी पोहोचत नाही. मी आईला विचारले, "अगं, बंद का नाही केलास?" ती म्हणाली, "बंद केला की खोली कोंदते, भिंतींना वास येतो. आणि आकड्याला मी हात लावत नाही. बसवायला आलेल्या मुलाने लावून दिलाय. माझ्या हातून काही बिघडलं तर?"

तो मुलगा पाडव्याच्या आठवड्यात येऊन गेला होता. त्याने लावलेला अठराचा आकडा वैशाखात तसाच राहिला, मृगाचा पाऊस पडला तेव्हा तसाच राहिला आणि आषाढातही तसाच होता. आईला चार दिवस ताप होता आणि छातीत कफ दाटला होता. या दुखण्याचे खापर मी यंत्रावर फोडत नाही. त्या आठवड्यात अर्धी चाळ खोकत होती. परंतु एक्याऐंशी वर्षांची बाई थंडीने कुडकुडत असताना केवळ भीतीपोटी रिमोटला हात लावत नाही, आणि तिला हात लावायला कोणी शिकवलेलेही नसते, ही गोष्ट मात्र यंत्र विकणाऱ्याच्या पदरात टाकल्याशिवाय मला राहवत नाही.

मी त्या कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाला पत्र लिहिले. ग्राहक आपल्या आवडीप्रमाणे १६ ते ३० अंशांमध्ये कोणतेही तापमान ठेवू शकतो आणि अधिक माहितीसाठी पुस्तिका पाहावी, असे दोन ओळींचे इंग्रजी उत्तर आले. कंपनीचे नाव मी लिहीत नाही. त्यानंतर मी आईच्या मजल्यावरच्या आणखी चार घरांतले एसी आणि त्यांच्या पुस्तिका पाहिल्या. चारही वेगवेगळ्या कंपन्यांचे होते आणि चारही घरांत परिस्थिती हीच होती. म्हणून हे पत्र तुम्हा सर्वांना आहे.

माझी तीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवण्यात गेली. उष्णता, बाष्पीभवन आणि दवबिंदू हे विषय मी फळ्यावर असंख्य वेळा समजावले, आणि माझ्याच आईच्या खोलीत जाऊन तिचा रिमोट मी तीन महिन्यांत एकदाही हातात घेतला नाही, याची टोचणी मला आहे. आई यंत्रांना घाबरणारी नाही. घरात पहिला फ्रिज आला तेव्हा दुकानदाराने तिला आतली चकती दाखवून सांगितले होते की उन्हाळ्यात आकडा वाढवायचा, थंडीत कमी करायचा. तेव्हापासून होळी झाली की ती चकती दोनवरून चारवर नेते आणि दिवाळीनंतर परत आणते. एकदा नीट सांगितलेली गोष्ट तिने इतकी वर्षे पाळली. एसीबद्दल तिला काहीच सांगितले गेले नाही.

माझी पहिली तक्रार दुकानापासून सुरू होते. एसी पाहायला गेलेल्या माणसाला तुमचा विक्रेता रिमोट सोळावर नेऊन दाखवतो आणि सांगतो की सोळावर लावा, खोली लगेच थंड होईल. हे खरे नाही. रिमोटवरचा आकडा म्हणजे बाहेर पडणाऱ्या हवेचे तापमान नव्हे. खोली कुठवर थंड झाली की यंत्राने थांबायचे, त्याची ती खूण आहे. साध्या एसीचा कॉम्प्रेसर चोवीसवर जितक्या जोराने चालतो तितक्याच जोराने सोळावर चालतो. इन्व्हर्टर एसीत वेग कमीजास्त होतो, तरी तापलेल्या खोलीत सुरुवातीला तोही पूर्ण ताकदीनेच चालतो. मुलांना मी हे वेगळ्या शब्दांत सांगत असे : दादरहून सुटलेल्या गाडीला ठाण्याऐवजी कर्जतचा फलक लावला, तर ती ठाण्याला लवकर पोहोचत नाही, फक्त ठाण्याला थांबत नाही. सोळावर लावलेला एसीही चोवीसला थांबत नाही, आणि तिथून पुढचा सगळा प्रवास ग्राहकाच्या बिलावर होतो. १ जानेवारी २०२० पासून भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक तारांकित (वीजबचतीचे तारे मिळालेल्या) खोली-एसीची मूळ जुळणी २४ अंशांवर असावी, असा केंद्र सरकारचा नियम आहे. तारांकन देणाऱ्या बीईई या सरकारी संस्थेच्या सांगण्याप्रमाणे तापमान एका अंशाने वाढवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते. म्हणजे अठराऐवजी चोवीसवर एसी ठेवला तर जवळजवळ तिसरा हिस्सा वीज वाचावी. कारखान्यातून तुम्ही यंत्र चोवीसवर पाठवता, ते ठीकच आहे. पण बसवणारा माणूस पहिल्या पाच मिनिटांत, गारवा जाणवून ग्राहक खूश व्हावा म्हणून, ते अठरावर आणून ठेवतो आणि निघून जातो. कारखान्यात पाळलेला नियम घराच्या उंबरठ्यावर मोडतो. मुंबईत विजेचे दर टप्प्यांनी चढतात, तीनशे युनिटांच्या वर गेलेल्या प्रत्येक युनिटाला वरचा दर लागतो, आणि निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाला तो टप्पा ओलांडणे म्हणजे महिन्याचा हिशेब कोलमडणे असते.

दुसरी तक्रार मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि तिच्यावर मी अधिक लिहिणार आहे. तुम्ही मुंबईला फक्त उष्णतेचे शहर समजून एसी विकता. मुंबईचा खरा त्रास दमटपणाचा आहे. विदर्भात बाहेर त्रेचाळीस अंश असताना वाळ्याचा कूलर घर गार करतो. तोच कूलर मुंबईत बत्तीस अंशांनाही निरुपयोगी ठरतो, कारण इथल्या हवेत आणखी बाष्प मावायला जागाच नसते. त्याच कारणाने अंगावरचा घाम वाळत नाही आणि माणूस कासावीस होतो. पावसाळ्यात इथला दवबिंदू पंचवीस अंशांच्या आसपास असतो. याचा अर्थ असा, की घरातली जी वस्तू पंचवीसच्या खाली थंड केली जाईल, तिला बाहेरची हवा लागताच तिच्यावर पाणी धरेल. आईच्या खिडकीच्या काचेवर बाहेरून ओघळणारे पाणी तेच होते. खोली अठरावर, काच गार, आणि बाहेर बाष्पाने भरलेली आषाढातली हवा. सकाळी खिडकी उघडली की ती हवा आत येऊन गार भिंतीवर, कपाटाच्या पाठीवर आणि गादीखालच्या फळीवर बसे. कपाट सरकवले तेव्हा मागच्या भिंतीवर हातभर लांबीची काळी बुरशी निघाली. आईने डब्यात भरून ठेवलेले उडदाचे पापड सादळून कापडासारखे वळत होते. खोलीला वास येतो असे ती म्हणत होती, ते याच बुरशीमुळे. आणि तो वास जावा म्हणूनच ती एसी चालू ठेवत होती.

यातला फास नीट पाहावा अशी माझी विनंती आहे. पावसाळ्यात खोली चिकट वाटते म्हणून माणूस आकडा खाली आणतो. यंत्र हवा चटकन थंड करते आणि कॉम्प्रेसर थांबतो, पण आतला पंखा फिरत राहतो, आणि कॉइलवर, म्हणजे यंत्रातल्या थंड नळ्यांवर, धरलेले पाणी नळीवाटे बाहेर जाण्याऐवजी त्यातले बरेचसे वाफ होऊन पुन्हा खोलीत येते. खोली गार होते आणि ओलीही राहते. ती अजून चिकट वाटते म्हणून माणूस आकडा आणखी खाली आणतो. या फासातून सुटायची वाट तुम्ही स्वतःच रिमोटवर दिलेली आहे : पाण्याच्या थेंबाचे चित्र असलेला ड्राय मोड. त्यात आतला पंखा संथ चालतो, हवा थंड कॉइलवरून सावकाश जाते, आणि खोली फार गार न होता तिच्यातले पाणी काढले जाते. जुलै-ऑगस्टमधल्या मुंबईसाठी यापेक्षा उपयोगी दुसरी सोय तुमच्या यंत्रात नाही. तरीही आईच्या मजल्यावरच्या पाच घरांपैकी एकाही घरात त्या थेंबाचा अर्थ कोणाला माहीत नव्हता. एका घरी तर तो थेंब लागला की एसीतून पाणी गळते, अशी समजूत होती आणि मुलांना ते बटण दाबायला मनाई होती.

तिसरी तक्रार यंत्राच्या आकाराची आहे. आईची खोली दहा फूट बाय बारा फूट आहे, चौथ्या मजल्यावर, वर आणखी मजले आहेत आणि पूर्वेला समोरच्या इमारतीची सावली पडते. अशा खोलीला एक टनाचा एसी पुरतो. आईच्या भाच्याला दुकानात दीड टनाचा घ्यायला लावले, 'मोठा असला की बरा' एवढेच कारण सांगून. पश्चिमेचे ऊन झेलणाऱ्या किंवा गच्चीखालच्या खोलीला मोठे यंत्र लागते, हे मान्य आहे. पण ते विचारायला खोलीबद्दल एक तरी प्रश्न विचारावा लागतो. गरजेपेक्षा मोठे यंत्र हवा झटपट थंड करून थांबते आणि दमटपणा काढायला त्याला वेळच मिळत नाही. वर सांगितलेला फास अशा यंत्राने अधिकच आवळला जातो.

भाषेबद्दल थोडक्यात लिहिते, कारण तिथे वाद घालण्यासारखे काही नाही. पुस्तिका इंग्रजीत आणि हिंदीत होती, अक्षर इतके बारीक की मला भिंग लागले, आणि तिच्यात वायरिंग, हमी व सावधगिरीच्या सूचना होत्या. पावसाळा हा शब्द कुठेही नव्हता. रिमोटवरची अक्षरे राखाडी रंगावर पांढरी आहेत. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यांना ती दिसत नाहीत. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या यंत्राबरोबर मराठी कागद असावा, ही मागणी करावी लागते याचेच मला वाईट वाटते.

तुमचे बसवणारे कामगार आणखी एक गोष्ट सांगून जातात : एसी चालू असताना पंखा लावू नका, एसीची हवा मारली जाते. आईनेही त्यामुळे छताचा पंखा बंद ठेवला होता. खरे तर संथ फिरणाऱ्या पंख्याने अंगावर वारा लागतो, घाम वाळतो, आणि सव्वीस अंशांची खोली चोवीससारखी वाटते. पंख्याला एसीच्या मानाने अगदी थोडी वीज लागते. या कामगारांना मी दोष देत नाही. एप्रिल-मेमध्ये दिवसाला सहा-सात घरे उरकणाऱ्या मुलाला जे शिकवले, तेच तो सांगणार.

आईच्या आजारपणात तिच्याकडे राहिले तेव्हा मी वहीच्या एका पानावर वर्षाचा हिशेब मांडला. तो इथे देते, म्हणजे मी काय मागते आहे ते स्पष्ट होईल. मार्गशीर्ष ते माघ एसी लागत नाही. जानेवारीत सांताक्रूझला रात्रीचे तापमान सोळा-सतरापर्यंत उतरते, तेव्हा पंखासुद्धा एकच्या आकड्यावर पुरतो. मात्र अलीकडे हिवाळ्यात धुरक्यामुळे लोक खिडक्या बंद करून एसी लावतात. भिंतीवरचा एसी बाहेरची ताजी हवा आत घेत नाही, खोलीतलीच हवा फिरवत राहतो, म्हणून दुपारी समुद्राकडून वारा सुटल्यावर तास-दोन तास खिडकी उघडायची, असे मी पानावर लिहिले. मार्चमध्ये पूर्वेकडचे कोरडे वारे जोरात असले की समुद्रावरचा वारा उशिरा पोहोचतो आणि पारा एकदम चढतो. सांताक्रूझला २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंशांची नोंद झाली होती. तेव्हा दुपारी पडदे ओढून सव्वीस आणि पंखा. एप्रिल-मेमध्ये दिवसापेक्षा रात्र छळते, कारण मेमध्ये पहाटेही पारा सहसा सव्वीस-सत्तावीसच्या खाली येत नाही. झोपताना पंचवीस, आणि पहाटे गारठू नये म्हणून टायमर लावून दोन-तीन तासांनी एसी बंद होऊ द्यायचा, पंखा चालू ठेवायचा. जून ते सप्टेंबर थेंबाचे बटण, आणि साधे कूलिंग लावलेच तर सव्वीस-सत्तावीसच्या खाली नाही. पाऊस परतला की ऑक्टोबरमध्ये आभाळ निवळते, जमीन अजून ओली असते आणि ऊन रणरणते. वर्षात चोवीस लावायचे दिवस कुठले असतील, तर हे. वृद्ध आणि तान्ही बाळे यांच्यासाठी प्रत्येक ठिकाणी एक अंश वर, कारण उतारवयात थंडी वाजल्याचे शरीराला उशिरा कळते आणि अंगात ऊबही हळू भरते.

हे पान माझ्या आईपुरते आहे. माणसाला सुखावणारे तापमान बाहेरच्या ऋतूप्रमाणे बदलते, हे अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने २०१४ मध्ये मांडलेल्या भारतीय प्रारूपातून (मॉडेलमधून) दिसले आहे. तो अभ्यास मात्र कार्यालयांचा होता आणि त्यातल्या पाच शहरांत मुंबई नव्हती. मुंबईतल्या घरांचा, चाळींचा, पुनर्विकासातल्या छोट्या खोल्यांचा असा अभ्यास करण्याची साधने तुमच्याजवळ आहेत, एका निवृत्त शिक्षिकेजवळ नाहीत. जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल यांनी एसीचे तापमान २० ते २८ अंशांमध्येच ठेवता येईल असा नियम आणण्याचा विचार जाहीर केला, तेव्हा त्यावर बरीच चर्चा झाली. नियमाने सोळाचा आकडा काढून टाकता येईल. वीस आणि अठ्ठावीस यांच्यामध्ये श्रावणात कुठे थांबायचे आणि अश्विनात कुठे, हे नियम सांगणार नाही. ते यंत्र विकणाऱ्यानेच सांगायला हवे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नेही, योग्य वापराच्या पुरेशा सूचना उत्पादनासोबत नसल्या आणि त्यातून हानी झाली, तर तो उत्पादकाच्या दायित्वाचा विषय मानला आहे.

माझ्या मागण्या साध्या आहेत. मुंबईत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक एसीबरोबर मोठ्या अक्षरांतले एक मराठी पान द्यावे, ज्यावर उन्हाळा, पावसाळा, ऑक्टोबर आणि हिवाळा यांसाठी कोणते बटण आणि कोणता आकडा ते लिहिलेले असेल. बसवणाऱ्या कामगाराने जाताना यंत्र चोवीसवर किंवा त्याहून वर ठेवावे, घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाच्या हातात रिमोट देऊन आकडा बदलणे आणि थेंबाचे बटण लावणे त्याच्याकडून एकदा करून घ्यावे, आणि तशी नोंद कामाच्या कागदावर ग्राहकाच्या सहीने घ्यावी. त्यासाठी लागणाऱ्या पंधरा मिनिटांचे पैसे कामगाराला तुम्ही द्यावेत. ते त्याच्या रोजच्या घरांच्या संख्येतून कापू नयेत. दुकानात खोलीची लांबी-रुंदी, मजला आणि उन्हाची दिशा विचारून किती टनांचे यंत्र हवे ते लेखी द्यावे. रिमोटवर देवनागरी अक्षरे असावीत आणि निदान नव्या यंत्रांवर तापमानाशेजारी खोलीतली आर्द्रताही दिसावी, म्हणजे चिकटपणा उष्णतेचा आहे की दमटपणाचा, हे माणसाला कळेल. जाहिरातींतून सोळा आणि अठराचे आकडे काढून टाकावेत.

येत्या गुढीपाडव्याच्या विक्रीपूर्वी यातल्या निदान पहिल्या दोन गोष्टी तुम्ही करू शकता, त्यांना कारखान्यात एक स्क्रूही बदलावा लागत नाही. तुमच्यापैकी ज्यांना माझे वहीचे पान वापरायचे असेल, त्यांनी ते खुशाल वापरावे आणि जाणकारांकडून तपासून त्यात दुरुस्ती करावी. आईच्या कपाटाच्या दाराला ते आतून चिकटवलेले आहे. या वर्षी पहिला पाऊस पडला त्या रात्री तिने मला फोन करून विचारले, "थेंबाचं बटण आजपासून ना?"

आपली,
एक ग्राहक
मुलुंड, मुंबई